गालील समुद्राच्या काठी : डॉ. एडवर्ड रॉबिन्सन ह्यांचे चरित्र

कफर्णहूम, बेथसैदा, खोराजिन, मग्दाला ही नावे आपल्या शाळेतील लहानातल्या लहान विद्यार्थ्यासही ठाऊक असतात. शुभवर्तमानाच्या तासाला ती इतक्या वेळा कानांवर पडतात की, जणू काय ती शेजारच्या तालुक्यातील गावेच आहेत असे वाटू लागते. परंतु ही गावे भूमीवर नेमकी कोठे होती, असा प्रश्न कोणी दोनशे वर्षांपूर्वी केला असता, तर युरोप-अमेरिकेतील मोठमोठ्या पंडितांसही त्याचे निश्चित उत्तर देता आले नसते. यात्रेकरू त्या देशात जात नसत असे नव्हे. पुष्कळ जात. पण ते मठात उतरत, मठवासी दाखवतील त्या जागेपुढे गुडघे टेकीत, आणि त्यांनी सांगितलेली हकिकत जशीच्या तशी वहीत उतरून घेऊन परत येत. नासरेथ गावी मरियेस देवदूताने ज्या ठिकाणी दर्शन दिले, ते ठिकाण लॅटिन पंथाचे लोक एका गुहेत दाखवीत, तर ग्रीक पंथाचे लोक झऱ्याजवळ दाखवीत. दोन्ही पक्षांची श्रद्धा सारखीच दृढ होती. भाविकास ह्यात अडचण वाटत नसे. परंतु ज्यास खरे काय ते हवे असे, त्याने काय करावे?

हा प्रश्न ज्यांनी आपल्या आयुष्याचे कार्य मानिला, त्या एडवर्ड रॉबिन्सन ह्यांचे चरित्र आम्ही येथे थोडक्यात देत आहोत. पवित्र शास्त्राच्या भूगोलास शास्त्राची पदवी प्राप्त करून देणारे पहिले पुरुष म्हणून विद्वान लोक त्यांचा उल्लेख करतात. आम्हांस मात्र त्यांच्या यशाइतकीच त्यांची एक मोठी चूकही महत्त्वाची वाटते. ती चूक गालील समुद्राच्या काठीच घडली. तिची हकिकत पुढे येईलच.

एडवर्ड रॉबिन्सन ह्यांचा जन्म १७९४ सालच्या एप्रिल महिन्याच्या १० व्या तारखेस अमेरिकेतील कनेटिकट संस्थानात, साउदिंग्टन नावाच्या गावी झाला. वडील त्या गावच्या मंडळीचे पाळक होते, आणि त्याबरोबर शेतीही करीत. मुलाच्या वाट्यास नांगर आणि पुस्तक ही दोन्ही आली. तरुण वयात त्यांनी खेड्यातील शाळेवर शिक्षकाचे काम केले, आणि मग न्यूयॉर्क संस्थानातील हॅमिल्टन कॉलेजात जाऊन १८१६ साली पदवी मिळविली. काही काळ कायद्याचा अभ्यास केला. तो सोडून त्याच कॉलेजात ग्रीक व गणित शिकविले. १८१८ साली त्यांचा विवाह झाला. पण दुसऱ्याच वर्षी पत्नी निवर्तली. पुढली दोन वर्षे त्यांनी शेतावर काढली, आणि शेताच्या कामातून उरलेल्या वेळात होमरचे महाकाव्य मुळातून अभ्यासिले. त्या काव्याचा काही भाग टीपांसह छापावा अशा हेतूने ते १८२१ साली अँडोव्हर येथे गेले. तेथे ईश्वरविद्येचे एक मोठे विद्यालय होते. छापखान्याच्या कामासाठी गेलेला हा मनुष्य तेथील प्रोफेसर मोझेस स्टुअर्ट ह्यांच्या सहवासात येऊन हिब्रू भाषेच्या नादी लागला, आणि दोन वर्षांत स्वतःच ती भाषा इतरांस शिकवू लागला.

ह्या अँडोव्हर विद्यालयाशी आपल्या महाराष्ट्राचा जुना संबंध आहे. १८१३ साली मुंबईस येऊन मराठी मिशन स्थापन करणारे गॉर्डन हॉल व सॅम्युएल नॉट हे तेथलेच विद्यार्थी. त्यांस ज्या अमेरिकन बोर्डाने इकडे पाठविले, त्याच बोर्डाने पुढे तेथील आणखी एका विद्यार्थ्यास सिरिया देशात धाडिले. त्यांचे नाव एलाय स्मिथ. अँडोव्हर येथे ते रॉबिन्सन ह्यांच्यापाशी शिकले होते, आणि हा गुरुशिष्यांचा संबंध पुढे किती फलद्रूप व्हावयाचा होता, ह्याची त्या वेळी दोघांसही कल्पना नसावी.

१८२६ साली रॉबिन्सन अधिक अध्ययनासाठी जर्मनीस गेले. हिब्रू व्याकरणाचे अग्रणी गेसेनियस ह्यांच्यापाशी हाले येथे, आणि भूगोलशास्त्राचे आचार्य कार्ल रिटर ह्यांच्यापाशी बर्लिन येथे त्यांनी ज्ञान संपादिले. १८२८ साली हाले येथील एका प्रोफेसरांच्या कन्येशी, थेरेसा फॉन याकोब ह्यांच्याशी त्यांचा दुसरा विवाह झाला. ही बाई स्वतः विदुषी होती. बालपणी रशियात राहिल्यामुळे तिला स्लाव भाषा येत असत. सर्बियन लोकगीतांचे तिने केलेले जर्मन भाषांतर पाहून महाकवी गटे ह्यांनी तिला उत्तेजन दिले होते. आपल्या नावाच्या आद्याक्षरांपासून बनविलेल्या ताल्वी ह्या टोपणनावाने ती लिहीत असे. अमेरिकेस परत आल्यावर रॉबिन्सन ह्यांनी शास्त्रविषयक एक त्रैमासिक काढिले, आणि १८३६ साली दोन मोठे कोश प्रसिद्ध केले : एक गेसेनियसच्या हिब्रू कोशाचे इंग्रजी रूप, व दुसरा नव्या कराराच्या ग्रीक भाषेचा. ह्यांपैकी पहिल्याच्या पायावर रचलेला कोश १९०६ साली पुरा झाला, आणि तो हिब्रूच्या अभ्यासकांच्या हाती अद्यापि दिसतो.

१८३७ साली न्यूयॉर्कच्या युनियन विद्यालयाने त्यांस प्रोफेसराची जागा देऊ केली. ती त्यांनी एका अटीवर स्वीकारिली : आधी तीन-चार वर्षांची मोकळीक मिळावी, आणि त्या अवधीत आपण पवित्र भूमी स्वतःच्या डोळ्यांनी पाहून यावे. चाळिशी ओलांडलेल्या, प्रकृतीने फारशा बळकट नसलेल्या मनुष्याने नवी नोकरी सुरू होण्याच्या आधीच रजा मागावी, आणि विद्यालयाने ती द्यावी, ह्यात दोघांचेही मोठेपण आहे. कुटुंबास जर्मनीत ठेवून ते मिसर देशात उतरले. तेथे एलाय स्मिथ त्यांस येऊन मिळाले. स्मिथ ह्यांस सिरियात राहून दहा वर्षे होऊन गेली होती, आणि अरबी भाषा त्यांच्या जिभेवर घरच्यासारखी खेळत होती. त्या सुमारास सिरिया व पॅलेस्टाइन हे देश मिसरच्या महंमद अलीचा पुत्र इब्राहीम पाशा ह्याच्या ताब्यात होते. त्याचा अंमल कडक होता, पण त्यामुळे परदेशी प्रवाशास वाटेने निर्भयपणे जाता येत असे. ही संधी मोलाची होती, आणि फार दिवस टिकणारी नव्हती. १८४० साली तो अंमल संपला.

मार्च १८३८ मध्ये ही जोडी कैरोहून उंटांवरून निघाली. त्यांच्याजवळची साधने ऐकून आजच्या विद्यार्थ्यांस हसू येईल : तीन होकायंत्रे, एक उष्णतामापक, दुर्बिणी, मोजण्याच्या फिती, आणि निवडक पुस्तके, त्यांत अर्थात पवित्र शास्त्र. परंतु खरे साधन निराळेच होते. ते म्हणजे त्यांनी ठरवून घेतलेली पद्धत. तिचे दोन नियम होते. पहिला असा की, मठांची परंपरा, मग ती कितीही जुनी असो, शास्त्रवचनाने किंवा अन्य पुराव्याने सिद्ध झाल्याशिवाय प्रमाण मानावयाची नाही. आणि म्हणून मठांत न उतरता तंबूत राहावयाचे, व वाटाड्या गावकऱ्यांतलाच घ्यावयाचा. दुसरा नियम अधिक मार्मिक होता. त्यांनी असे ताडिले होते की, राज्ये बदलली, धर्म बदलले, भाषाही बदलली, तरी शेतकऱ्याच्या तोंडी असलेले गावाचे नाव सहसा बदलत नाही. ते थोडेसे झिजते इतकेच. तेव्हा गावकऱ्यास त्या जागेचे नाव काय एवढेच विचारावयाचे. हेच अमुक का, असे कधीही विचारावयाचे नाही. कारण पाहुण्याचे मन राखण्यासाठी साधा मनुष्य होय म्हणून मोकळा होतो, आणि त्याच्या होकारावर मोठमोठे ग्रंथ उभे राहतात! शिवाय दोघांनी आपापली रोजनिशी स्वतंत्रपणे लिहावयाची असाही संकेत होता. एकाच्या नजरेतून निसटलेले दुसऱ्याच्या वहीत सापडावे, हा त्यातील हेतू.

ह्या पद्धतीचे फळ विलक्षण होते. सीनाय व अकाबा ह्या मार्गाने हेब्रोन करून १४ एप्रिल रोजी, पुनरुत्थानाच्या सणाच्या आदल्या दिवशी, ते यरुशलेमेत पोहोचले. तेथून आसपासच्या डोंगराळ मुलुखात हिंडताना एकेक विसरलेले गाव जणू स्वतःच हाक देऊन उठू लागले. अनाता म्हणजे यिर्मया संदेष्ट्याचे अनाथोथ; मुखमास म्हणजे योनाथानाच्या पराक्रमाचे मिखमाश; अल-जीब म्हणजे गिबोन; बेतीन म्हणजे याकोबाचे बेथेल; सैलून म्हणजे जेथे बालक शमुवेल वाढला ते शिलो. अडीच-तीन हजार वर्षांत कोणत्याही पुस्तकाने जे सांभाळिले नव्हते, ते अक्षरशून्य मेंढपाळांनी सांभाळिले होते. मृत समुद्राच्या काठी एन-गेदी येथून दुर्बिणीने दक्षिणेकडे पाहताना एक उभा कडा त्यांस दिसला. रोमन सैन्यापुढे यहूदी लोकांनी जेथे शेवटची झुंज दिली, तो मसादाचा किल्ला हाच असावा असे त्यांनी अनुमान केले, आणि ते खरे ठरले.

यरुशलेमेतील एक प्रसंग तर विद्यार्थ्यांनी अवश्य वाचावा असा आहे. मरियेचा झरा व शिलोह तळे ह्यांच्यामध्ये डोंगराच्या पोटातून पाण्याचा एक बोगदा आहे. दोन्ही टोकांस एकच पाणी आहे की काय, ह्याविषयी वाद होता, आणि आत शिरून पाहण्याचे कष्ट फारसे कोणी घेतलेले नव्हते. रॉबिन्सन व स्मिथ हातात मेणबत्त्या घेऊन तळ्याच्या बाजूने आत शिरले. प्रथम छत उंच होते. पुढे ते खाली खाली येत चालले, आणि ८०० फूट गेल्यावर सरपटल्याशिवाय गती नाही असे झाले. तशी तयारी नसल्यामुळे मेणबत्तीच्या काजळीने छतावर आपल्या नावांची आद्याक्षरे व ८०० हा आकडा काढून ते परतले. काही दिवसांनी, अंगावर केवळ ढगळ चोळणे ठेवून, ते दुसऱ्या टोकाने आत गेले. कधी हातांपायांवर रांगत, कधी पाण्यात पोटावर निजून कोपरांनी पुढे सरकत, शेवटी काजळीची खूण दृष्टीस पडली. एकंदर लांबी १७५० फूट भरली. आजच्या मापाशी ती जवळजवळ तंतोतंत जुळते. हिज्कीया राजाच्या काळी हा बोगदा दोन्ही बाजूंनी खोदीत आणून मध्यभागी कसा मिळविला, हे सांगणारा प्राचीन हिब्रू शिलालेख आतल्या भिंतीवर होता. तो रॉबिन्सन ह्यांच्या दृष्टीस पडला नाही. १८८० साली तो सापडला, आणि तो शोधणारा कोणी पंडित नसून पाण्यात उतरलेला एक शाळकरी मुलगा होता.

जूनमध्ये हे प्रवासी उत्तरेस वळले, आणि नासरेथ पाहून व ताबोर डोंगरावर रात्र काढून गालील समुद्राकडे निघाले. वाटेत हत्तीनची दोन शिंगे म्हणून प्रसिद्ध असलेली टेकडी लागते. ११८७ साली सलाउद्दीनाने क्रूसेडर राजाचा येथेच पराभव केला. लॅटिन पंथाचे लोक ह्याच टेकडीस प्रभूच्या डोंगरावरील प्रवचनाची जागा मानीत आले होते. रॉबिन्सन ह्यांनी जुने ग्रंथ ताडून पाहिले. ही समजूत क्रूसेडच्या काळापलीकडे जात नाही, आणि तेथल्याच ग्रीक ख्रिस्ती लोकांस तिची वार्ताही नाही, असे त्यांस आढळून आले. पाच हजारांस भाकरी वाटल्याची जागाही जवळच दाखवीत असत. ती गोष्ट तर शुभवर्तमानाप्रमाणे सरोवराच्या पलीकडे घडली. रॉबिन्सन ह्यांनी दोन्ही समजुती बाजूस सारिल्या, आणि सूर्य कलत असता ते पठाराच्या कडेशी आले. खाली सरोवर पसरले होते.

गालील समुद्र हा समुद्र नव्हे. तो गोड्या पाण्याचा तलाव असून त्याची लांबी सुमारे १३ मैल व रुंदी सुमारे ८ मैल आहे, आणि त्याचे पाणी समुद्रसपाटीच्याही जवळजवळ ७०० फूट खाली आहे. यार्देन नदी उत्तरेकडून त्यात शिरते व दक्षिणेकडून बाहेर पडते. ज्या पाण्यावर प्रभू चालले, ज्याच्या काठी पेत्राने जाळे टाकिले, ते पाणी प्रथम दृष्टीस पडल्यावर भाविक प्रवासी बहुधा वर्णनाच्या पुरात वाहून जातात. रॉबिन्सन हे काही कमी भाविक नव्हते. तथापि त्यांनी प्रामाणिकपणे लिहून ठेविले की, स्वित्झर्लंडच्या सरोवरांची भव्यता किंवा इंग्लंड-अमेरिकेतील तलावांचे कोमल सौंदर्य पाहण्याच्या आशेने जो येथे येईल, त्याची निराशा होईल. टेकड्या उघड्या आहेत, त्यांच्या आकारात वैचित्र्य नाही. आम्हांस हा मनुष्य विश्वासार्ह वाटतो तो अशा ठिकाणी. आवडत्या वस्तूविषयीही ज्याच्या लेखणीतून अतिशयोक्ती निघत नाही, त्याची इतर विधाने मानावयास हरकत नसते.

तिबिर्या शहर त्या वेळी मोडकळीस आलेले होते. हे शहर प्रभूच्या हयातीतच हेरोद अंतिपाने वसविले, आणि रोमच्या तिबेरियस बादशहाचे नाव त्यास दिले. यरुशलेमेचा पाडाव झाल्यावर यहूदी विद्येचे ते मोठे पीठ झाले. मैमोनिडीस ह्या विख्यात तत्त्ववेत्त्याची कबर तेथेच दाखवितात. १ जानेवारी १८३७ रोजी झालेल्या भयंकर भूकंपाने त्याचा तट जागोजाग ढासळला व घरे कोसळून शेकडो माणसे मेली; वरच्या डोंगरातील सफेद नगराची तर ह्याहून भयानक दशा झाली. त्या गोष्टीस दीड वर्षही लोटले नव्हते. तटाची खिंडारे तशीच उघडी होती. शहराच्या दक्षिणेस ऊन पाण्याचे झरे आहेत; तेथे इब्राहीम पाशाने बांधविलेले स्नानगृहही त्यांनी पाहिले.

तेथून काठाकाठाने ते उत्तरेस गेले. पहिलेच खेडे अल-मेज्देल. काही हलाखीची घरे, एवढेच त्याचे वैभव. परंतु नावात मग्दाला जिवंत होती. (ह्याच जागी २००९ साली उत्खननात पहिल्या शतकातील एक सभास्थान सापडले.) पुढे गनेसरेतचे सुपीक मैदान, मैदानाच्या उत्तर टोकास खान मिन्या ही जुनी धर्मशाळा व अंजिराच्या झाडाखालचा झरा, त्यापुढे अत-ताबिघाचे झरे, आणि त्यापुढे काठावरच तेल हूम नावाचे विस्तीर्ण पण ओसाड अवशेष. ह्या तीन-चार मैलांच्या पट्ट्यातच कफर्णहूम कोठे तरी असले पाहिजे, हे उघड होते. पण कोठे?

ह्या प्रश्नाने रॉबिन्सन ह्यांस पुष्कळ वर्षे सतावले. यहूदी इतिहासकार योसेफस ह्याने गनेसरेतच्या मैदानास पाणी देणाऱ्या कफर्णहूम नावाच्या झऱ्याचा उल्लेख केला आहे, आणि शुभवर्तमानांतही कफर्णहूम गनेसरेतच्या जवळ असल्याचे दिसते. ह्या दोन आधारांवर त्यांनी खान मिन्याच्या बाजूने निकाल दिला. १८५२ साली ते दुसऱ्यांदा पवित्र भूमीत गेले, तेव्हाही हे मत पालटले नाही. उलट त्याबरोबर त्यांनी बेथसैदा अत-ताबिघा येथे आणि खोराजिन तेल हूम येथे बसविले. दोन मैल आत डोंगरात केराझे नावाचे अवशेष आहेत. खोराजिन हे नाव त्यात स्पष्ट ऐकू येते. पण ते अवशेष त्यांस क्षुद्र वाटले. तेल हूम ह्या नावात कफर्णहूमचा शेवट शिल्लक आहे, असे इतर प्रवासी म्हणत होते. तेही त्यांनी मानिले नाही.

ज्याने मेंढपाळाच्या शब्दावर विश्वास टाकून अर्धा पॅलेस्टाइन ओळखिला, त्याने त्याच्या सर्वांत प्रिय अशा स्थळी मेंढपाळाचे न ऐकता पुस्तकाचे ऐकिले! आमच्या मते ह्या चरित्रातील सर्वांत विचार करण्याजोगी गोष्ट हीच होय. आणि ती अधिकच चमत्कारिक वाटते ती अशासाठी की, तेल हूमचे खरे रहस्य त्याच १८५२ च्या प्रवासात उलगडण्यास आरंभ करणारेही तेच होते. तेथे संगमरवरासारख्या पांढऱ्या चुनखडी दगडाच्या एका मोठ्या इमारतीचे खांब व नक्षीचे तुकडे अस्ताव्यस्त पडले होते. तत्पूर्वी कफर बिरीम वगैरे गालिलातील गावी यहूदी सभास्थानांचे अवशेष त्यांनी बारकाईने पाहिले होते; त्यांचे कोपऱ्यातील जोडखांब व नक्षीची तऱ्हा त्यांच्या ध्यानात होती. तेच जोडखांब, तीच तऱ्हा येथे पाहून त्यांनी सांगितले की, ही इमारत देऊळ किंवा चर्च नसून सभास्थान आहे. पुरावा हाती होता. त्यावर गावाचे नाव मात्र त्यांनी दुसरेच लिहिले.

इतर विद्वान गप्प बसले नाहीत. ज्यांच्या नावाचे कॉलेज मुंबईस आहे ते डॉ. जॉन विल्सन १८४३ साली स्वदेशी जाताना, धनजीभाई नवरोजी ह्या पारशी ख्रिस्ती तरुणासह, पवित्र भूमीतून गेले होते. १८४७ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या प्रवासग्रंथात त्यांनी तेल हूमचा पक्ष मांडिला. १८५२ च्या प्रवासात काही मजला रॉबिन्सन ह्यांच्याबरोबर असलेले सिरियातील मिशनरी डॉ. थॉमसन ह्यांचेही मत तेल हूमकडेच होते. १८६६ साली इंग्रज एंजिनियर चार्ल्स विल्सन ह्यांनी तेथे थोडे खोदकाम केले. १८९४ साली फ्रान्सिस्कन पंथाच्या साधूंनी ती जागा विकत घेतली. १९०५ साली जर्मन संशोधक आले. आणि १९६८ पासून झालेल्या उत्खननांनी तर संशयास जागाच ठेविली नाही. पांढऱ्या सभास्थानाखाली काळ्या दगडाच्या जुन्या इमारतीचा पाया निघाला. त्यापासून थोड्याच अंतरावर पाचव्या शतकातील अष्टकोनी चर्च, आणि त्याच्या पोटात पहिल्या शतकातील एक साधे घर सापडले. त्या घराच्या भिंतींच्या गिलाव्यावर प्राचीन यात्रेकरूंनी खरडलेली अक्षरे आहेत. हे पेत्राचे घर होय, अशी ख्रिस्ती लोकांची समजूत फार जुन्या काळापासून असली पाहिजे. म्हणजे ज्या परंपरेस रॉबिन्सन ह्यांनी दारातच अडविले होते, तिच्याही बोलण्यात कधी कधी तथ्य असते! खान मिन्याजवळचा ढिगारा १९३२ पासून खणून पाहिला, तेव्हा आत एका खलिफाचा राजवाडा निघाला. ख्रिस्ताच्या काळचे गाव तेथे नव्हते.

यरुशलेमेच्या पवित्र कबरेविषयीही असेच झाले. ती जागा खोटी असे रॉबिन्सन ह्यांचे ठाम मत होते. आज बहुतेक संशोधकांचा कल त्या जागेच्या बाजूने आहे. मंदिराच्या पश्चिम तटातून बाहेर आलेल्या प्रचंड दगडांस आजही रॉबिन्सनची कमान म्हणतात. ती दरीवरील पुलाची कमान असावी असे त्यांनी म्हटले होते. १९६८ नंतरच्या उत्खननात ती रस्त्यावरून वर चढणाऱ्या भव्य जिन्याची होती असे ठरले. उलट यार्देनच्या पूर्वेस अत-तेल येथे दुसरी बेथसैदा असावी हे त्यांचे १८३८ चे अनुमान अद्यापि पुष्कळांस मान्य आहे. मात्र सरोवराच्या अगदी काठावरील अल-अराज ह्या जागेचा पक्ष अलीकडे जोराने पुढे आला असून तो वाद मिटलेला नाही.

पहिल्या प्रवासाकडे पुन्हा वळू. जून १८३८ च्या अखेरीस बैरूत येथे तो संपला, आणि घरी परतताना व्हिएन्ना येथे रॉबिन्सन इतके आजारी झाले की जगण्याची आशा उरली नाही. पत्नी धावून आली. तिच्या शुश्रूषेने ते वाचले. मग बर्लिन येथे दोन वर्षे बसून त्यांनी आपल्या व स्मिथ ह्यांच्या रोजनिशा एकत्र करून तीन खंडांचा ग्रंथ सिद्ध केला. तो १८४१ साली इंग्रजी व जर्मन अशा दोन्ही भाषांत निघाला. त्यास जोडलेले नकाशे किपर्ट नावाच्या तरुण जर्मन नकाशाकाराने काढिले, आणि अरबी स्थळनामांची लांबलचक यादी स्मिथ ह्यांच्या परिश्रमाचे फळ होती. पुढल्याच वर्षी लंडनच्या रॉयल जिऑग्राफिकल सोसायटीने रॉबिन्सन ह्यांस सुवर्णपदक दिले. एका अमेरिकनास हा मान प्रथमच मिळत होता. ग्रंथाच्या मुखपृष्ठावर स्मिथ ह्यांचेही नाव आहे, ही गोष्ट लहान असली तरी आम्हांस लिहावीशी वाटते. शिष्याच्या जिभेवाचून गुरूचे डोळे मुके राहिले असते, हे गुरू जाणून होते.

स्मिथ पुढे पवित्र शास्त्राच्या अरबी भाषांतरास लागले. ते काम पुरे होण्यापूर्वीच १८५७ साली बैरूत येथे त्यांचा अंत झाला, आणि डॉ. व्हॅन डाइक ह्यांनी ते १८६५ साली समाप्तीस नेले. रॉबिन्सन ह्यांच्या दुसऱ्या प्रवासाचा ग्रंथ १८५६ साली प्रसिद्ध झाला. परंतु ही सर्व प्रवासवर्णने त्यांच्या दृष्टीने केवळ सामग्री होती. पवित्र भूमीचा सर्वांगपूर्ण भूगोल लिहावा, पर्वत, नद्या, हवामान हे आधी आणि गावांचा इतिहास मागून, असा त्यांचा संकल्प होता. विद्यालयातील अध्यापन, कोशांच्या नव्या आवृत्त्या आणि प्रकृतीची कुरकुर ह्यांतून तो पुढे पुढे ढकलला गेला. अखेर डोळ्यांनीच दगा दिला. ज्या डोळ्यांनी एन-गेदीहून मसादा हेरिला होता, त्यांत मोतीबिंदू उतरला. १८६२ साली ते पुन्हा बर्लिनला गेले, आणि फॉन ग्रेफे ह्या प्रख्यात नेत्रवैद्याकडून त्यांनी शस्त्रक्रिया करविली. न्यूयॉर्कला परतून त्यांनी शिकविण्यास आरंभही केला. पण शक्ती उरली नव्हती. २७ जानेवारी १८६३ रोजी त्यांनी देह ठेविला. त्या वेळी त्यांचे वय ६८ वर्षांचे होते.

मेजावर हस्तलिखित होते. योजलेल्या भूगोलाचा पहिला भाग, म्हणजे भूमीचे नैसर्गिक वर्णन, तेवढा लिहून झाला होता. गावांच्या इतिहासाचा भाग लिहावयाचा राहिला होता. थेरेसाबाईंनी ते कागद छापखान्यास जाण्याजोगे करविले, आणि १८६५ साली ते पुस्तक इंग्रजीत व जर्मन भाषेतही प्रसिद्ध झाले. नंतर त्या जर्मनीस परत गेल्या व १८७० साली हॅम्बुर्ग येथे वारल्या. त्या पुस्तकात गालील समुद्राचे वर्णन आहे : त्याचे पाणी, त्याचे मासे, एकाएकी सुटणारे त्याचे वारे, आणि काठच्या टेकड्या, पूर्वी लिहिल्या होत्या तशाच उघड्या.